रुईचे फूल आणि रॉबर्ट ब्राउन

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रॉबर्ट ब्राउन हे नाव ठाऊक असते ते ब्राउनीय गतीमुळे. मात्र छत्तीसगढमधील भिलाई, बोरसी परिसरापासून महाराष्ट्रातील माळरानांपर्यंत पडीक जमिनीवर वाढणाऱ्या रुईशीही या नावाचे नाते आहे. ‘कॅलोट्रॉपिस’ ही रुईची प्रजाती प्रस्थापित केली ती याच वनस्पतिशास्त्रज्ञाने.

रुईचे मूळ खोल जाते, पानांवर मेणचट थर असतो आणि विषारी चिकामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून भर उन्हाळ्यात, गवत करपलेले असतानाही ती फुललेली दिसते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ वाहिली जाते. फुलाच्या रचनेकडे मात्र क्वचितच कुणी निरखून पाहते.

या फुलात पराग भुकटीसारखा सुटा नसतो. परागाचे दोन पुंज एका सूक्ष्म चिमट्याने जोडलेले असतात. मध बनवणाऱ्या रसासाठी आलेल्या काळ्या भुंग्याचा पाय फुलाच्या फटीत सरकला, की चिमटा त्याला चिकटतो आणि ती जोडी पुढच्या फुलाच्या फटीत जाऊन बसते. अशी जोडी ओढून काढण्याचे बळ लहान कीटकांत नसते. ब्राउन यांनी 1809 मध्ये एडिंबरो येथील वर्नेरियन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात परागाच्या या वैशिष्ट्यावरून रुई कुल करवीर कुलापासून वेगळे केले.

परागापासून फलधारणा नेमकी कशी होते, या प्रश्नाने त्यांना पुढेही सोडले नाही. त्याच शोधात 1827 मध्ये ‘क्लार्किया पुल्चेला’ या अमेरिकी रानफुलाचे पराग तपासताना, परागकणांच्या आतील अतिसूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना त्यांना दिसले. काच आणि दगड यांच्या चूर्णातही तीच हालचाल आढळली. म्हणजे ती सजीवतेची खूण नव्हती. तिचा उलगडा 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी पाण्याच्या रेणूंच्या धडकांवरून केला. ब्राउन स्वतः 1831 मध्ये आमरे आणि रुई कुल यांच्या फलधारणेकडे परतले. रुई कुलातील परागपुंजांतून निघणाऱ्या परागनलिका त्यांनी पाहिल्या, कीटकांचा वाटा नोंदवला आणि त्याच निबंधात पेशीच्या केंद्रकाला ‘न्यूक्लियस’ हे नाव दिले.

आज रुई कुल स्वतंत्र मानले जात नाही. ते करवीर कुलाचे उपकुल ठरले आहे. ब्राउन यांचे वर्गीकरण बदलले, पण निरीक्षण टिकले. काळा भुंगा वाळलेल्या लाकडात घर पोखरतो. अशी जुनी खोडे आणि वाळकी लाकडे साफ होत गेली, तर पाण्यावाचून तग धरणारी रुई फुलेलही. परंतु तिची फळे उकलून वाऱ्यावर तरंगणाऱ्या ‘म्हाताऱ्या’ विरळ होत जातील.