वसतिगृहातील विद्यार्थी-प्रमुख

शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरी मुले दहाबारा वर्षांची झाली की एक विषय हमखास निघतो : मुलास बाहेरगावी वसतिगृहात ठेवावे काय? जेवणाची, अभ्यासाची व खर्चाची चौकशी सर्वच पालक करतात. तेथे थोरल्या मुलांचा धाकट्यांवर अधिकार किती आणि त्यावर देखरेख कोणाची, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न हाच होय. म्हणून त्याचा थोडा इतिहास येथे देण्याचे योजिले आहे.

‘प्रीफेक्ट’ हा शब्द परका. थोरल्याने धाकट्यास सांभाळावे ही कल्पना परकी नव्हे. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. १७८९ साली मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झालेल्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली व ती रीत उचलून थोरल्या विद्यार्थ्यांकरवी धाकट्यांस शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे इंग्लंडात या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. आपलाच माल विलायती शिक्का घेऊन परत आला, असे गमतीने म्हणता येईल!

शिकविणे निराळे आणि हुकूम चालविणे निराळे. थोरल्या मुलांच्या हाती शिस्त सोपविण्याची चाल विलायतेतील निवासी शाळांत जुनीच होती. तिला प्रतिष्ठा आली ती रग्बी येथे १८२८ ते १८४२ पर्यंत मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अर्नोल्ड यांच्यामुळे. त्यांनी वरच्या वर्गातील मुलांवर विश्वास टाकला, हे थोरच. परंतु धाकट्यांनी थोरल्यांची चाकरी करावी ही तेथील वहिवाट त्यांनी मोडली नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच वाटेने मिळाले. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली. त्यांपैकी जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत असे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला, आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला. तेव्हा त्याला वसतिगृह सोडावे लागले. शिस्तभंग म्हणून घालविलेला हा मुलगाच पुढे कर्मवीर झाला. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे स्वयंपाकापासून शेतकामापर्यंतचे श्रम मुलेच करीत आणि एका पंक्तीस जेवीत. जेथे थोरल्यासही चुलीपुढे बसावे लागते, तेथे धाकट्याकडून चाकरी घेण्यास तोंड उरत नाही. रग्बीच्या शिस्तीहून ही शिस्त आम्हांस अधिक मोलाची वाटते. दाणागोटा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांस जेवू घातले, हे तर सर्वश्रुतच आहे.

पुण्यास १९३२ साली युनियन बोर्डिंग हाऊस निघाले, तेही सर्व जातींसाठी. दौंडकरांस आगगाडीमुळे पुणे जवळ. शिरूरकरांस नगर रस्त्याचा आधार. आज मात्र जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातच, पिंपळे जगताप येथे आहे. सहावीसाठी प्रवेशपरीक्षा होते. निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. नवोदय विद्यालयांत मुलांची अरावली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी अशी सदने असतात आणि प्रत्येक सदनास विद्यार्थी-प्रमुख असतो. पण त्याच्यावर सदनाचे शिक्षक असतात. सदन ठरविताना जात पाहत नाहीत, हे ध्यानी घ्यावे.

अधिकार उतू गेला म्हणजे काय होते, हे ओळखूनच १९९९ साली महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. तरीही धाकटे मूल घरी सांगत नाही. पालकांनीच विचारावे लागते.

आपल्या मंडळातही वसतिगृहाचा विषय अधूनमधून निघतो. निधी जमेल तेव्हा जमेल. तत्पूर्वी काही गोष्टी ठरवाव्यात. प्रमुखाची मुदत एका सत्राची असावी, शिक्षा करण्याचा अधिकार त्यास नसावा, वाढपाची पाळी त्याच्यापासून सुरू व्हावी, आणि धाकट्याची तक्रार अधीक्षकांकडे थेट जावी. शेवटी, इतर ज्ञातींच्या मुलांस त्यात जागा राहील किंवा नाही, याचा निर्णय इमारतीचा नकाशा काढण्यापूर्वी व्हावा.