चित्तविकृतिग्रस्तांशी परिचर्या-संवाद

भास, भ्रम अथवा विस्कळीत विचार यांमुळे ज्याची वास्तवाशी पकड सुटली आहे अशा रुग्णाची भीती ओसरावी, त्याचा विश्वास बसावा व उपचारांत त्याचा सहभाग राहावा, या हेतूने परिचारिकेने विचारपूर्वक केलेला संवाद. औषधोपचाराचा तो पर्याय नव्हे, तर पूरक होय.

मनोरुग्णालयांत पहारा आणि बंदोबस्त हेच परिचारकांचे मुख्य काम मानण्याचा प्रघात असताना, मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या आंतरव्यक्तिक सिद्धांताचे संस्कार लाभलेल्या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेपलाउ (१९०९–९९) यांनी ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ (१९५२) या ग्रंथात परिचारिका व रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन असल्याचे प्रतिपादिले. परिचर्यातज्ज्ञ जॉइस ट्रॅव्हलबी यांनी १९६६ मध्ये हाच विचार पुढे नेला.

या संवादाचे मुख्य सूत्र असे, की भ्रमाचे खंडन करू नये आणि त्याला रुकारही देऊ नये; कारण खंडनाने रुग्ण आपल्या समजुतीस अधिकच चिकटतो, तर रुकाराने तिला पुष्टी मिळते. जेवणात विष कालवले आहे म्हणून ताट दूर सारणाऱ्या रुग्णास, “मला यात विष दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटते आहे, हे मला कळतं,” असे सांगून न सोललेले केळे किंवा बंद पुडा देण्याची तजवीज केली जाते. रुग्ण बोलता बोलता थबकून कान देऊ लागला, तर “आत्ता काही ऐकू येतंय का? काय सांगतोय तो आवाज?” असे सरळ विचारावे; आवाज त्याला स्वतःस वा इतरांस इजा करण्याचा हुकूम देत असल्यास रुग्णास एकटे न सोडता वैद्यांना तत्काळ कळवावे.

वाक्ये छोटी असावीत व एका वेळी एकच गोष्ट सांगावी. रुग्ण शब्दशः अर्थ घेण्याचा संभव असल्याने म्हणी, उपरोध व थट्टा टाळावी. संशयग्रस्ताच्या देखत कुजबुजणे, त्याला विचारल्यावाचून स्पर्श करणे किंवा न पाळता येणारे वचन देणे हेही वर्ज्य होय. रुग्ण बोलत नसेल, तर थोडा वेळ नुसते जवळ बसणेही उपयुक्त ठरते.

भारतातील परिचर्या-शिक्षणात विद्यार्थिनी अशा संभाषणाची शब्दशः नोंद करून शिक्षिकेपुढे तिची छाननी करतात. रुग्णाच्या उद्गारांशेजारी स्वतःचेही उद्गार लिहावे लागत असल्यामुळे कोणत्या प्रश्नाने रुग्ण मोकळा झाला व कोणत्या उपदेशाने तो गप्प बसला, हे त्यांना कागदावर पडताळता येते.