कुत्रा खळ्यावर, मांजर कणगीवर

सिंधमधील चन्हुदडो येथे 1935-36 साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, तेव्हा त्यांना एक वीट सापडली. साडेचार हजार वर्षांपूर्वी कधीतरी ती ओली असताना, वाळत पडलेली असताना, तिच्यावरून एक मांजर गेले आणि त्याच्या मागोमाग एक कुत्रा. दोघांचे ठसे विटेत उमटले, वीट भाजली गेली, नगर ओसाड झाले आणि ती पळापळ तेवढी शिल्लक राहिली. ठशांवरून दोघेही वेगात होते असा अर्थ मॅके यांनी लावला. माणसाच्या वस्तीत हे दोन प्राणी एकत्र नांदत होते, याचा आपल्या उपखंडातला इतका जिवंत पुरावा दुसरा मला तरी ठाऊक नाही.

‘तुम्हाला कुत्रा आवडतो की मांजर?’ हा प्रश्न आज शहरात सहज विचारला जातो. गोंदिया शहराला लागून असलेल्या नागऱ्यात, प्राचीन शिवमंदिराच्या आणि महाशिवरात्रीच्या यात्रेच्या या गावात, एखाद्या आजीला हाच प्रश्न विचारला तर ती आधी गोंधळेल. तिच्या लेखी हा आवडीचा प्रश्न कधी नव्हताच. कुत्रा बांधीवर आणि खळ्यावर, मांजर घरात धानापाशी; दोघांची कामे वेगळी, जागा वेगळ्या. कामाचा प्रश्न आवडीचा कधी झाला, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

दोघांपैकी कुत्रा फार आधी आला. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे 1914 साली सापडलेल्या थडग्यात एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या अस्थींबरोबर कुत्र्याच्याही अस्थी होत्या, आणि ते दफन सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा शेती नव्हती, घर नव्हते. माणूस शिकारीमागे फिरत होता आणि लांडग्याचा हा वंशज त्याच्याबरोबर फिरत होता. मांजराला यायला धान्य साठू लागावे लागले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे. धान्य साठले तसे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातले रानमांजर गावात शिरले. त्याला कोणी पकडून आणले नाही, कोणी शिकवले नाही. कुत्रा माणसामागे आला आणि मांजर कोठारामागे. पुढच्या सगळ्या इतिहासावर या दोन वेगळ्या वाटांची छाप आहे.

आपल्याकडे ही विभागणी सर्वांत नेमकी सापडते ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. संकटांपासून जनपदाचे रक्षण कसे करावे, हे सांगणारा एक अध्याय त्यात आहे. आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या ओळीत उंदीरही येतात. उंदरांचे भय असेल तर मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, असे तिथे सांगितले आहे. ती कोणी धरली किंवा मारली तर बारा पण दंड. आणि त्याच नियमाला जोडून पुढची तरतूद येते, ती अशी की ज्याने आपला कुत्रा आवरून धरला नाही त्यालाही दंड, मात्र अरण्यात राहणाऱ्यांना त्यातून सूट. हे वाचताना मी दर वेळी थबकतो. एकाच नियमात मांजर मोकळे होते आणि कुत्रा बांधला जातो. आणि रानातल्या माणसाचा कुत्रा मात्र मोकळाच राहतो, कारण त्याच्याशिवाय त्या माणसाची रात्र निभावत नाही, हे त्या शास्त्रकाराला पुरते माहीत आहे. नागरा ज्या झाडीपट्टीत येते तिथे एकीकडे तळ्यांच्या पाण्यावर पिकणारे धान आहे आणि दुसरीकडे नागझिरा-नवेगावचे जंगल. या नियमाची दोन्ही कलमे लागू पडावीत असाच हा मुलूख आहे.

मध्ययुगात शिरलो की कुत्र्याचा मान वाढत गेलेला दिसतो. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ. स. 940 चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या देवळी येथे मिळाला, म्हणजे विदर्भ त्याच्या राज्यात होता. याच राजाच्या काळातला, 949-50 चा, एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे मिळाला. काळी नावाचा शिकारी कुत्रा मोठ्या रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले, आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळापुढे दगड उभारून त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. लढाईत पडलेल्या माणसासाठी वीरगळ उभारतात. इथे तो मान कुत्र्याला मिळाला. महाराष्ट्रात खंडोबाबरोबर कुत्रा आला, भैरवाचे तर तो वाहनच. जेजुरीच्या वाघ्यांनी स्वतःला देवाचा कुत्रा मानले, आणि जुन्या प्रथेत ते भुंकतही असत. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसले आणि लोकांनी त्यांना चार वेद म्हटले. पोळीवरचे तूप राहिले म्हणून कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट तर घरोघरी पोहोचली. श्राद्धात गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचा वाटाही काढला जातो.

मांजराचा वाटा त्यात नाही. उलट श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकून ठेवायचे, हीच आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. महाभारतात गंगेकाठी तप करण्याचे सोंग घेऊन उंदीर खाणारे मांजर आहे, पंचतंत्रात तंटा सोडवायला बसलेले ढोंगी मांजर आहे, आणि महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात तप करणारे मांजरही कोरलेले आहे. बंगालात षष्ठीदेवीने त्याला वाहन केले, पण आपल्याकडच्या सटवाईपाशी त्याचे तितके बस्तान बसले नाही. तरीही या अविश्वासाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला अधिक मोलाची वाटते. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे आपल्या आज्या सांगत आल्या. गरीब शेतकऱ्याला सोन्याचे मांजर कुठून परवडणार? म्हणजे मांजर मारायचेच नाही. कौटिल्याचा बारा पणांचा दंड विस्मरणात गेला, त्याची पोथी दिसेनाशी झाली, पण तेच संरक्षण पापभयाच्या रूपाने स्वयंपाकघरात टिकून राहिले.

मराठेशाहीत कुत्र्याला समाधी मिळाली. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा जीव वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान होता असे सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. रायगडावरचा, शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगितला जाणारा वाघ्या मात्र पुष्कळ नंतरचा. 1936 साली ते स्मारक उभे राहिले, त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे साहाय्य होते. शिवकालीन कागदपत्रांत वाघ्याचा आधार मिळत नसल्याने त्यावर वाद होत आले. पण जे कागदांत नाही ते लोकांच्या मनात इतके घट्ट कसे बसले, याचे उत्तर जेजुरीच्या वाटेवर मिळते. धन्यासाठी देह टाकणारा कुत्रा आपल्या भक्तीच्या कल्पनेत आधीपासूनच होता.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. मुंबईत मोकाट कुत्रे मारणाऱ्याला नगामागे बक्षीस मिळू लागले, आणि बक्षिसासाठी घरातले कुत्रेही ओढून नेले जाऊ लागले, तेव्हा जून 1832 मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, दंगल झाली. कुत्र्यासाठी शहर पेटल्याचा आपल्याकडचा हा पहिला ठळक प्रसंग. पुढे 1900 साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. मध्य प्रांतात पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या माणसापुढे उपचारासाठी हजार किलोमीटरांहून लांबचा तो प्रवास उभा राहिला. पोटात चौदा इंजेक्शने घेतल्याची आठवण सांगणारी माणसे खेड्यापाड्यांत अजून भेटतात. मेंदूच्या ऊतीपासून बनणारी ती जुनी लस 2004 च्या अखेरीस बंद झाली.

आता आपण विदर्भातल्या एका विसरल्या गेलेल्या माणसापाशी थांबू. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत रेल्वेच्या वाटेने, धान्याच्या पोत्यांबरोबर देशभर पसरला. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदराच्या पिसवेमुळे प्लेग पसरतो हे दाखवले, पण ते पटायला वैद्यकाने वेळ घेतला. अमरावतीला त्या काळी लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी एक साधी गोष्ट केली, ती म्हणजे गावोगावची मांजरे मोजली. प्लेग आलेल्या आणि न आलेल्या गावांची मांजरे ताडून त्यांनी निष्कर्ष काढला की जिथे मांजरे भरपूर, तिथे प्लेग कमी. 1908 साली हे त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले आणि लोकांनी मांजरे पाळावीत असा आग्रह धरला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, त्याच्यापासून माणसाला लागण होऊ शकते, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे त्यांचा उपाय जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. पण घरातले मांजर हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, हे त्यांनी वऱ्हाडातली गावे पाहून ओळखले. यातला योग असा की, कौटिल्याची हरवलेली पोथी म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती लागून छापली गेली ती 1909 साली, म्हणजे त्यानंतर एका वर्षाने. अमरावतीच्या डॉक्टरने जे सुचवले, ते राजाच्या कर्तव्यांत लिहिलेले होते हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता फारशी नव्हती. ब्यूकॅनन यांचे नाव विदर्भाच्या इतिहासात फारसे कोणी घेत नाही. ते घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

त्यांच्यानंतर मांजरे मोजण्याची गरज सरकारला वाटली नाही. पशुगणना दर पाच वर्षांनी करायची पद्धत आहे आणि तिच्यात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, गाढव, हत्ती, एवढेच काय कुत्रेही मोजले जातात. 2019 च्या विसाव्या गणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख मोकाट कुत्रे नोंदले गेले. मांजर त्या यादीत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात लोक कुत्रे अधिक पाळतात की मांजरे, याचे सरकारी उत्तर या गणनेतून मिळू शकत नाही. 2022 साली पुणे महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली, वर्षाला पन्नास रुपये शुल्क लावून, तेव्हा कोठाराचा हा जुना राखणदार पुन्हा दप्तरात आला. पण आता राखायला कोठार नव्हते, फ्लॅट होता. कुत्र्याचेही तेच झाले. दिल्लीतले मोकाट कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिला. 22 ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेले आणि हिंस्र कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावे, असे सांगितले. या अकरा दिवसांत देशभर जी घालमेल झाली तिच्यात मला 1832 ची मुंबई दिसत होती.

गोंदियाच्या नव्या वसाहतींत आता केसाळ पर्शियन मांजरे आणि लॅब्राडोर दिसू लागले आहेत. सकाळी साखळी धरून निघणारी मुले आणि खिडकीत बसलेले मांजर, दोन्ही तिथे आवडीने पाळलेली असतात, आणि तिथे प्रश्न विचारला की ‘मांजर त्रास देत नाही’, ‘कुत्रा जीव लावतो’ अशी उत्तरे येतात. घरात कोणी दिवसभर नसेल तर मांजर, लहान मूल असेल तर कुत्रा, असा हिशेबही लोक मांडतात. ही उत्तरे खरीच आहेत, पण ती घराबाहेर खळे आणि घरात कणगी नसलेल्या माणसाची उत्तरे आहेत.

नागऱ्याकडच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास धान कापून पुंजणे उभे राहतात, आणि चुरणा, म्हणजे मळणी, होईपर्यंत तिथे रात्री जागल करावी लागते. रानडुकराची चाहूल माणसाच्या आधी कुत्र्याला लागते. त्याला गळ्यात पट्टा नाही, नाव असले तर मोती किंवा काळू, आणि भाकरीचा तुकडा मिळतो तो खळ्याच्या कडेला. मग धान पोत्यांत भरून घरी येते. कुत्रा पोत्यांमागे दारापर्यंत येतो आणि छपरीत बसतो. आत, रचलेल्या पोत्यांवर, मांजर आधीच येऊन बसलेले असते.