लिमोनेचं रक्त आणि विसरवाडीचा रिपोर्ट

लिपिड प्रोफाइलच्या कागदावर आकड्यापुढे बाण दिसला की आपण घाबरतो. एचडीएल, म्हणजे ज्याला सगळे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात, ते पुरुषांत 40 च्या खाली गेलं की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. मग ते 7 ते 14 आलं आणि वर ट्रायग्लिसराइडही वाढलेलं असलं तर? असा माणूस हार्ट अटॅकने गेलाच असणार, असं तुम्ही म्हणाल.

1970 च्या दशकात मिलानमधल्या डॉक्टरांसमोर असाच एक रुग्ण आला. त्याच्या तीन मुलांपैकी दोघांचंही तेच. पण हृदयविकाराचा मागमूस नाही! चेझारे सिर्तोरी, ग्विदो फ्रान्चेस्किनी आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. एचडीएलच्या कणातलं मुख्य प्रथिन म्हणजे एपो ए-1. ही 243 अमिनो आम्लांची माळ. तिच्यात सिस्टीन नावाचा मणी मुळात नसतोच. इथे 173 व्या जागी आर्जिनिन जाऊन नेमका तोच बसला होता, त्यामुळे दोन-दोन माळा एकमेकींत गुंतत होत्या.

नाव पडलं ‘एपो ए-1 मिलानो’. खरं तर मान लिमोनेला मिळायला हवा होता, कारण रुग्ण मूळचा तिथला. गार्डा सरोवर आणि कडे यांच्यात अडकलेलं हे गाव. 1930 च्या सुमारास रस्ता होईपर्यंत होडीनेच जायचं, त्यामुळे सोयरिकी बहुतेक गावातल्या गावात. संशोधकांनी हजारेक गावकऱ्यांचं रक्त तपासलं, तीसहून अधिक जणांत हा बदल निघाला. चर्चमधल्या नोंदी उलगडल्यावर सगळे धागे 18 व्या शतकातल्या एका जोडप्यापाशी पोचले.

पुढे अर्थातच पैसा आला. 2003 मध्ये एका छोट्या चाचणीत पाच आठवडे हे प्रथिन शिरेतून दिल्यावर धमन्यांतला थर जरासा घटला. लगेच फायझरने ते बनवणारी कंपनी 1.3 अब्ज डॉलरला घेतली. औषध मात्र बाजारात आलंच नाही. 2016 मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याचा नाद सोडला.

आता तुम्ही नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीत बसून हे वाचत असाल, तर तुमच्याकडे गोष्ट नेमकी उलटी आहे. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल बराच आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णांत एकूण कोलेस्टेरॉल व एलडीएल सहसा कमी असतं. लाल पेशी भराभर फुटतात. नव्या घडवायला, त्यांच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागतं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे रिपोर्टवर एकही बाण नाही, कागद अगदी स्वच्छ, आणि माणूस आजारी!

अशा वेळी लिपिडचा कागद बाजूला ठेवा आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. लिमोनेतल्या नोंदी चर्चमध्ये होत्या. मावची-भिल्ल घरांत त्या आजीच्या तोंडी असतात: कोणाचे सांधे लहानपणापासून ठणकायचे, कोणाचे डोळे सारखे पिवळे व्हायचे, कोणतं लेकरू लवकर गेलं. तिला आधी विचारा.