पाळण्यातली बाहुली आणि तिचा रंग

आंबवड्यात एखाद्या घरी बारशाला गेलात, तर पाळण्याशी दोन बाहुल्या दिसतील. एक आजीने जुन्या लुगड्याची शिवलेली, चिंध्या भरून गुबगुबीत केलेली. दुसरी भोरच्या बाजारातली. मऊ, भडक, दाबली की चूं करणारी. बाळाला दोन्ही सारख्याच. हाती आली की तोंडात! म्हणून बाहुलीच्या इतिहासात तिचा रंग फार महत्त्वाचा.

जुने ते सारे निर्धोक, असे मात्र समजू नका. शंभरदा धुतलेल्या लुगड्याचा सुटायचा रंग केव्हाच ओढ्याला गेलेला असतो. ती बाहुली बरी. पण पूर्वीच्या चिताऱ्याच्या रंगांत काय असे? हिंगुळात पारा, हरताळात सोमलाचे विष, आणि शेंदूर. आपण देवाला लावतो तो शेंदूर अस्सल असेल, तर ती शिशाचीच भुकटी. शिसे पोटात गेले की बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा होते, आणि ती सहसा भरून येत नाही.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या 18 वर्षांच्या मुलाने डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग काढला. निघाला होता बिचारा हिवतापाचे क्विनीन करायला! त्या वाटेने शेकडो स्वस्त रंग आले. आपल्या रंगाऱ्यांची आल आणि नीळ मागे पडली. त्यांतल्या काही रंगांतून कर्करोग करणारी द्रव्ये सुटतात, हे कळायला पुष्कळ काळ गेला. जर्मनीने 1994 मध्ये त्यांविरुद्ध कायदा केला. तिकडे कापड पाठवणारे आपले कारखानदार हादरले, आणि 1997 मध्ये भारतातही असल्या रंगांवर बंदी आली. परदेशचे गिऱ्हाईक अडले तेव्हा आपल्याला आपले बाळ आठवले, असे मला तरी वाटते.

खेळण्यांचा नियम त्याहून उशिरा झाला. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. चाचणीत खेळण्याचा रंग जठररसासारख्या सौम्य आम्लात ठेवतात आणि शिसे, पारा वगैरे किती सुटते ते मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे 90 मिलिग्रॅम. प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट द्रव्यांची तपासणी निराळी. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना मात्र सूट आहे. त्यांच्याकडून लाकडी फळे घ्याल तेव्हा रंग कोणता वापरला, हे त्यांनाच विचारा.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एक प्रयोग करता येईल. ओले पांढरे फडके बाहुलीवर घासून पाहा. फडके कोरे राहिले म्हणून विष नाही असे ठरत नाही, बरे का; पण रंग लागला, तर ती बाहुली पाळण्यातून काढा.