दक्षिणी पूर्वज आणि घरचे दप्तर

श्राद्धकर्मात यजमानाच्या मुखातून पिता, पितामह व प्रपितामह या तिघांचे नामगोत्र उच्चारले जाते. वसु, रुद्र व आदित्य या रूपांनी त्यांचे आवाहन होते, त्यांच्या पत्नींचेही स्मरण होते. त्यापलीकडचे पितर लेपभागी होत. पिंडाच्या वेळी हाताला लागून राहिलेल्या अन्नांशावर त्यांचा अधिकार असतो, परंतु त्यांचे नाव उच्चारले जात नाही. शास्त्राने ही मर्यादा घातली आहे आणि मनुष्याच्या स्मरणशक्तीचीही मर्यादा बहुधा तेवढीच आहे. एकोणिसाव्या शतकातील पूर्वज आज या तीन पिढ्यांच्या पलीकडे गेले आहेत. त्यांचा शोध घ्यावयाचा तर आधार एकच, तो म्हणजे घरचे दप्तर.

मल्हाररावांचे नाव धारण करणारी मल्हारगंजाची वस्ती ही इंदुरातील जुन्या वस्त्यांपैकी एक होय. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि दरबाराच्या आश्रयाने कारकून, शास्त्री, वैदिक, वैद्य अशी अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे या नगरात स्थिरावली. माळव्यातील लोक त्यांना ‘दक्षिणी’ म्हणत. कोकणातले वा देशावरचे मूळ गाव मागे राहिले. कुलदैवत, गोत्र आणि मोडीतील कागद मात्र बरोबर आले. कोण कोठून आला, कशासाठी आला, येताना काय सोसले, याचे उत्तर पुष्कळदा त्या कागदांतच असते.

असा कागद काय सांगू शकतो, याचे उत्तम उदाहरण वरसई येथील वेदमूर्ती विष्णुभट गोडसे यांचे आहे. पेणजवळील या गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा विपुल मिळेल, अशी वार्ता आली. तेव्हा कर्ज फिटावे या हेतूने ते आपले चुलते रामभट यांजबरोबर १८५७ साली उत्तरेस निघाले. वाटेत महूच्या सुमारास बंडाची वार्ता कानी आली. १८५७ च्या १ जुलै रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवरही हल्ला झाला. ज्या मुलखातून हे दोघे गेले तो असा पेटलेला होता. पुढे ते झाशीस पोहोचले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजी फौजेने त्या नगरीस घातलेला वेढा व नंतरची कत्तल त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळविलेली दक्षिणा लुटली गेली. अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले आणि त्या उदकाने मातापित्यांस स्नान घातले. द्रव्य मिळाले नाही, परंतु पुत्रधर्म पार पडला.

हे सर्व आज ज्ञात आहे, ते एका यजमानाने आग्रह केला म्हणून. गोडसे हे वैद्य घराण्याचे उपाध्याय. चिंतामण विनायक वैद्य यांनी सांगितल्यावरून त्यांनी १८८३ च्या सुमारास, म्हणजे प्रवासानंतर पंचवीस वर्षांनी, हा वृत्तांत मोडीत लिहिला. सरकारचे भय होते, म्हणून लेखकाच्या हयातीत तो छापला गेला नाही. वैद्यांनी तो १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. मात्र छापताना भाषा सुधारली गेली आणि काही मजकूर गाळला गेला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली मूळ पाठ वाचकांपुढे ठेवता आला. नकलेवर, मग ती छापील का असेना, विसंबून मूळ कागद टाकून देऊ नये, हा बोध यातून मिळतो.

घरचे दप्तर उघडणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात धराव्या. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एकच नाव एक पिढी टाकून पुन्हा येते व दोन पुरुषांचे चरित्र एकात मिसळते. यास्तव पित्याचे नाव व वर्ष पाहिल्यावाचून निर्णय करू नये. कालगणनाही भिन्न असतात. शालिवाहन शकात ७८ वा ७९ मिळवावे, विक्रम संवतातून ५७ वा ५६ वजा करावे आणि सुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. स्त्रियांचे नाव विवाहात बदलते, म्हणून माहेरचे व सासरचे नाव ताडून पाहावे. मूळ गाव सापडत नसेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. यात्रेस गेलेल्या पूर्वजांनी तेथे स्वहस्ते नावगाव लिहिलेले असते. जन्मपत्रिका, कर्जरोखे, खर्चाच्या वह्या, आहेराच्या याद्या यांतील एकही कागद क्षुल्लक मानू नये. कर्जाचा रोखा पाहून लाज वाटण्याचेही कारण नाही. गोडसे भटजींना घराबाहेर काढले ते कर्जानेच.

मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत आणि वाळवी कोणासाठी थांबत नाही. रुमालात बांधलेला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत जातो, तेव्हा एका पूर्वजाचे दुसऱ्यांदा निधन होते. घरात मोडी जाणणारा नसेल तर जाणत्याकडून कागद वाचवून घ्यावे, बाळबोधीत उतरवून ठेवावे आणि मूळ प्रत कोरड्या जागी सांभाळावी. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर वैद्यांप्रमाणे त्यांस आग्रह करून त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. तर्पणाच्या जलाने पितरांची तृप्ती होते. त्यांनी काय सोसले आणि कोणता धर्म पाळला, हे जाणून घेतल्याने वंशज कृतार्थ होतात.