काडतुसाची काटकसर

सोलापूरकरांना ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव नवे नाही. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा ब्रिटिश फौजेची नेमणुकीची रायफल हीच होती. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, हे आमच्या वर्गातल्या मुलांना पाठ असते. पण त्या रायफलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. इंग्रज गेला, ती राहिली. १९६२ साली हिमालयात ती आपल्याच जवानांच्या हातात होती.

तिची चाल साधी. एक गोळी झाडायची, खीळ उचलून मागे ओढायची, पुन्हा पुढे लोटायची, मग दुसरी गोळी. पेटीत दहा काडतुसे मावत. तरीही सुरुवातीच्या रायफलींवर एक पत्र्याची पट्टी बसविलेली असे. ती सरकविली की पेटीतली काडतुसे अडत आणि शिपायाला एकेक गोळी हाताने भरावी लागे. हेतू हा, की गड्याने उधळपट्टी करू नये! मास्तरांना खडू मोजून द्यावेत, तशातलाच हा प्रकार.

जगभरचे सेनापती ही काटकसर जिवापाड जपत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ध्यानात आले, की पायदळाची खरी झुंज तीन-चारशे यार्डांच्या आतच होते. मग हजार यार्डांचे लांबलचक काडतूस हवे कशाला? त्यांनी आखूड काडतूस काढले. धक्का कमी, ओझे कमी; म्हणून एकाच रायफलीतून एकेक गोळीही सुटे आणि सलग फैरही. हिटलरने आधी नाक मुरडले, १९४४ मध्ये मात्र तिला ‘हल्ल्याची रायफल’ असे नाव मिळाले. रशियाने ३९ मिलिमीटर पुंगळीचे आखूड काडतूस पत्करले. ते चालविणारी कलाश्निकोव्हची रायफल १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झाली आणि पुढे देशोदेशी गेली. १९५६ पासून चीनही तिची नक्कल करू लागला.

आता १९६२ चे चित्र डोळ्यांपुढे आणा. चिनी शिपायांजवळ तेच आखूड काडतूस चालविणाऱ्या अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित बंदुका. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची तेराव्या कुमाऊँची कंपनी थ्री नॉट थ्री घेऊन लढली. बोटे गारठलेली, आणि दर गोळीला ती खीळ! शंभरावर जवान तेथेच राहिले. त्या युद्धातल्या पराभवाचे सारे खापर बंदुकीवर फोडणे मला पटत नाही. पण तिला त्यातून मोकळीही करता येत नाही.

त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण अभिमानाने सांगतो; कारखान्यांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. नवी रायफल म्हणजे नवे काडतूस, आणि नवे काडतूस म्हणजे यंत्रे, पितळ, दारू, माणसे. बंगालात ईशापूरला ७.६२ मिलिमीटरची ‘एसएलआर’ होऊ लागली. खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना होताच. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आला. खीळ ओढण्याचा जाच गेला, पण एसएलआरही चाप ओढला की एकच गोळी टाकी. मूळ बेल्जियन रायफल फैर झाडू शके. इंग्रजांनी आपल्या नमुन्यात ती सोय काढून टाकली आणि आपणही तोच कित्ता गिरविला.

नव्वदच्या दशकात स्वदेशी ‘इन्सास’ आली. तिला फैर दिली, पण तीन गोळ्यांची. चौथीसाठी पुन्हा चाप. ती पत्र्याची पट्टीच जणू नव्या रूपाने परतली! १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या काडतुसांच्या प्लॅस्टिकच्या पेट्या तडकल्याच्या तक्रारी आल्या, ते निराळेच.

डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार रशियाशी झाला. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे त्या तयार होतात. तिला अडसर नाही. एकेक हवी तर एकेक, फैर हवी तर फैर. तिच्यात भरायचे ते काडतूस ३९ मिलिमीटर पुंगळीचे, १९६२ साली चिनी शिपायाच्या कमरेला होते तेच.